कुपोषणाच्या नोंदवहीत दात कुठे आहेत?

महिन्यातून एकदा गावच्या अंगणवाडीत वजनाचा दिवस असतो. मुलांना एकेक करून काट्यावर उभं केलं जातं, तान्ह्यांना झोळीत बसवून लटकत्या काट्याला अडकवलं जातं, उंचीच्या पट्टीला टाचा टेकवल्या जातात, गरज पडली तर दंडाचा घेर मोजला जातो. सेविकाताई सगळे आकडे मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरवर भरतात. कोण सॅम (तीव्र कुपोषित), कोण मॅम (मध्यम कुपोषित), कोण काठावर, हे त्यावरून ठरतं. पण चार वर्षांचं एखादं पोर बिस्कीट चहात बुडवून मऊ केल्याशिवाय तोंडात घालत नाही, घातलं तरी एकाच बाजूने चघळतं, याची नोंद त्या आकड्यांत नसते. दुसऱ्या बाजूच्या दोन दाढा किडल्या आहेत. भाकरीचा तुकडा चावला की कळ मेंदूपर्यंत जाते. घरचे मात्र सांगत असतात, "खायचा कंटाळाच आहे याला. भूकच लागत नाही."

भूक लागते. चावता येत नाही.

दात आणि आहार एकाच तोंडात भेटतात, पण आपल्या सरकारी व्यवस्थेत त्यांची गाठ क्वचितच पडते. आहार महिला व बालविकास खात्याकडे, शाळेतलं जेवण शिक्षण खात्याकडे आणि दात आरोग्य खात्याच्या अगदी शेवटच्या खोलीत. घरातही तीच वाटणी असते. काय खायला घालायचं याची चर्चा रोज होते, पण दातांची आठवण दाढ ठणकायला लागल्यावरच येते. मग लवंगेच्या तेलाचा बोळा, मग वेदनाशामक गोळी आणि अगदीच असह्य झालं तर तालुक्याला जाऊन दात काढून येणं. ही फारकत महाराष्ट्राला महागात पडते आहे. कुपोषणाविरुद्धच्या लढाईत तोंडाच्या आरोग्याला पहिल्या रांगेत जागा मिळायला हवी.

राज्याचे आकडे अस्वस्थ करणारे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ३४.४ टक्के होतं. म्हणजे पाच वर्षांत काटा जागचा हलला नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या ६८.९ टक्के मुलांत आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. दातांचा आकडा शोधायला मागे जावं लागतं. २००२-०३ च्या राष्ट्रीय मुख आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. ३५ ते ४४ या वयोगटात हे प्रमाण दहातल्या आठांवर गेलं होतं. हे आकडे वेगवेगळ्या अहवालांत छापले गेले असले तरी मुलं तीच, त्याच वस्त्यांतली आणि त्याच घरांतली आहेत.

कीड म्हणजे काय, हे नीट समजून घेतलं तर आहाराचा संबंध लगेच उलगडतो. तोंडात जंतूंची वस्ती कायमच असते. त्यांना साखर मिळाली की काही मिनिटांत ते आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण आवरणातली, म्हणजे इनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात. लाळ हे आम्ल धुऊन काढते आणि खनिजं पुन्हा दातावर बसवते, पण या कामाला तिला अर्धा तास ते तासभर लागतो. अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्टेफन यांनी १९४० च्या दशकात हा चढउतार आलेखावर मांडला आणि दंतवैद्यकाच्या अभ्यासक्रमात तो आजही शिकवला जातो. आलेखाचा अर्थ साधा आहे. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दाताच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं ठरतं. लाळेचं काम पुरं होण्याआधीच पुढचा गोड घास आला, तर दात दिवसभर आम्लातच राहतो.

याचा सर्वांत ठोस पुरावा ज्या प्रयोगातून मिळाला, तो आज कोणत्याही देशात करू दिला जाणार नाही. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म इथल्या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या रहिवाशांना १९४० च्या दशकात ठरवून गोड खायला दिलं गेलं. काहींना जेवणासोबत साखर मिळाली, तर काहींना दिवसभर मधूनमधून दाताला चिकटणारी टॉफी. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसांचे दात त्यात जाणूनबुजून किडवले गेले. हा डाग कधीच पुसला जाणार नाही. निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. जेवणासोबत खाल्लेल्या साखरेने कीड फारशी वाढली नव्हती, पण जेवणाच्या अधेमधे चघळलेल्या चिकट टॉफीने ती झपाट्याने वाढली होती. दुसऱ्या महायुद्धात जपान आणि नॉर्वेमध्ये साखरेचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या मुलांच्या दातांची कीड कमी झाल्याचंही नोंदवलं गेलं आहे.

आता आपल्याकडच्या मुलाचा दिवस पाहू. उठल्यावर गोड चहा आणि त्यात बुडवलेलं बिस्कीट. साध्या ग्लुकोज बिस्किटाच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा साखरेचा असतो, आणि उरलेलं मैद्याचं पीठ दाढांच्या खाचांत घट्ट बसतं. शाळेच्या वाटेवर टपरीवरून गोळी. मधल्या सुट्टीत क्रीमचं बिस्कीट किंवा पाच रुपयांचा वेफरचा पुडा. घरी आल्यावर पुन्हा चहा. रडलं की चॉकलेट, अभ्यास केला की चॉकलेट, पाहुणे आले की चॉकलेट. दिवसभरात एकूण साखर फार होतेच असं नाही, पण दाताला उसंत मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, मध, सरबत आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली असावी, आणि शक्य असेल तर ५ टक्क्यांखाली. मोठ्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, सहा छोटे चमचे. मुलांसाठी त्याहून कमी. थंड पेयाची २५० मिलीलिटरची एक बाटली रिकामी केली की हा हिशेब तिथेच संपतो. गूळ किंवा मध दिला तर दाताला चालतं, हा समजही सोडायला हवा. गुळात लोह थोडं असतं हे खरं, पण त्याचा मोठा भाग शेवटी साखरच आहे आणि तोंडातले जंतू गूळ आणि साखर यांत फरक करत नाहीत.

हा झाला आहाराचा दातांवरचा परिणाम. दातांचा आहारावरचा परिणाम याहून कमी बोलला जातो, आणि पोषणाच्या दृष्टीने खरी गोम तिथेच आहे. दाढ दुखणारं मूल हळू खातं, कमी खातं आणि मऊ खातं. ज्वारीची भाकरी, भाजलेल्या शेंगा, फुटाणे, काकडी, गाजर, पेरू हे सगळं ताटातून एकेक करून बाद होतं. उरतं ते चहात विरघळणारं बिस्कीट, टोस्ट, मऊ भात आणि साखर घातलेलं दूध. म्हणजे दुखऱ्या दातामुळे मूल नेमकं त्याच खाण्याकडे ढकललं जातं, ज्याने दात आणखी किडतात. रात्री ठणका लागला की झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत डोळे मिटतात. दाढेत पू झाला की शरीराची ताकद संसर्गाशी झुंजण्यात खर्च होते. फिलिपाइन्समध्ये वजन कमी असलेल्या लहान मुलांच्या मुळापर्यंत किडलेल्या दुधाच्या दाढा काढल्यानंतर त्यांच्या वजनात सुधारणा झाल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. सगळीकडचे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. शहरांत किडके दात आणि स्थूलपणा एकाच मुलात सापडतात, कारण दोन्हींच्या मुळाशी तेच पुडे आणि तीच पेयं असतात. पण आधीच अर्धपोटी असलेल्या मुलाला दुखरी दाढ परवडत नाही, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

दाताची जडणघडण तर मूल पोटात असतानाच सुरू होते. दुधाच्या दातांत खनिज भरायला गरोदरपणाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरुवात होते. या काळात आईच्या पोटात पुरेसं अन्न नसेल, किंवा जन्मानंतरच्या पहिल्या वर्षांत मूल वारंवार आजारी पडून खंगत असेल, तर इनॅमल पातळ आणि खड्डेखुड्डे पडलेलं तयार होतं. असे दात फार लवकर किडतात. एकदा दात उगवला की इनॅमल तयार करणाऱ्या पेशी उरत नाहीत, त्यामुळे ही उणीव नंतर कितीही दूध पाजून भरून निघत नाही. म्हणूनच किडलेले दात दिसले की आईला "तू लाड करतेस, तू चॉकलेट देतेस" असं म्हणून मोकळं होणं हा अन्याय आहे. त्या दातांत तिची स्वतःची उपासमारही गोठलेली असू शकते.

गरोदर बाईच्या तोंडाची कथा महाराष्ट्रात आणखी एका कारणाने गंभीर आहे. मशेरी. तंबाखू तव्यावर भाजून, काळी करून, तिची पूड दातांना आणि हिरड्यांना चोळायची सवय राज्यातल्या लाखो बायकांना आहे. दात साफ होतात, दाढ दुखायची थांबते, पोट साफ होतं, अशी कारणं त्या सांगतात. बऱ्याच जणी आणखी एक कारण हळूच सांगतात. भूक मरते. दिवसभर उसाच्या फडात किंवा बांधकामावर राबायचं आणि घरात शेवटी जेवायचं, तेव्हा मरणारी भूक सोयीची वाटते. मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं की तंबाखू तोंडात ठेवणाऱ्या किंवा चोळणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचं जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी होतं. हिरड्यांवर फिरणारं बोट पुढच्या पिढीच्या वजनापर्यंत पोहोचतं ते असं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मशेरी घरच्या चुलीवर तयार होते. तिथे बंदीचा हात पोहोचत नाही. तिथे आशाताई पोहोचू शकते, पण दुखऱ्या दाढेवर दुसरा उपाय तिच्या हातात असेल तरच.

सुपारीचा मार्ग वेगळा, शेवट तोच. कच्ची सुपारी आणि सुपारीचा मसाला वर्षानुवर्षं चघळणाऱ्यांच्या गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते. आधी तिखट सोसेनासं होतं, मग तोंड उघडेनासं होतं आणि शेवटी घास आत जाण्याइतकीही फट उरत नाही. या आजाराचं भारतातलं पहिलं वर्णन मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये केलं होतं. आज विशी-पंचविशीतली पोरं दोन बोटंही तोंडात शिरत नाहीत अशा अवस्थेत दंत महाविद्यालयांच्या ओपीडीत बसलेली असतात. त्यांचं जेवण पातळ वरणावर आणि चुरलेल्या पोळीवर येतं. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वीस वर्षांपूर्वीच जाहीर केलं आहे.

तोंड पोषणाची बातमीही सगळ्यांत आधी देतं. वारंवार तोंड येणं, ओठांचे कोपरे चिघळणं, जिभेवरचा खरखरीतपणा जाऊन ती लालबुंद गुळगुळीत होणं यामागे बऱ्याचदा लोह, बी-१२ किंवा बी गटातल्या इतर जीवनसत्त्वांची कमतरता असते. हिरड्यांतून रक्त येण्याचं सर्वसाधारण कारण दातांवर साठलेलं कीटण असलं, तरी क जीवनसत्त्व फारच कमी पडलं तर हिरड्या सुजतात आणि दात हलू लागतात. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने संत्री-लिंबं देऊन खलाशांना याच कमतरतेच्या आजारातून बरं केलं होतं. या साखळीचं अगदी शेवटचं टोक म्हणजे नोमा. खंगलेल्या, गोवरासारख्या आजारातून नुकत्याच उठलेल्या लहान मुलाच्या हिरडीवर एक व्रण होतो आणि काही दिवसांत गाल आणि जबडा सडतो. हा आजार प्रामुख्याने आफ्रिकेतल्या गरीब भागांत दिसतो. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा उपेक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत समावेश केला. पोटातली भूक थेट चेहरा खाते, याहून वेगळा पुरावा आणखी कोणता द्यायचा?

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत प्रश्नाला पाण्याचा पदर आहे. खोल बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आलं की वाढत्या वयातल्या मुलांच्या कायमच्या दातांवर पांढरे, पिवळे, तपकिरी पट्टे उमटतात. पुढे हाडं आणि सांधेही आखडतात. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावं. पण तेच पाणी पिणाऱ्या दोन घरांत त्रास सारखा होत नाही. ज्याच्या ताटात दूध, पालेभाजी, लिंबू-आवळा आहे, त्याला झळ कमी बसते, कारण कॅल्शियम आतड्यात फ्लोराइडला बांधून ठेवतं. ज्याच्या ताटात नुसता भात आणि पातळ आमटी आहे, त्याची हाडं आधी वाकतात. पाणी बदलायला वर्षं लागतात, ताट बदलायला एवढा वेळ लागायला नको.

मग आजी-आजोबा. घरोघरी दिसणारं दृश्य आहे. पुढे चार दात उरलेले, कवळी एक तर केलेलीच नाही किंवा टोचते म्हणून पाण्याच्या वाटीत पडलेली. सून भाकरी दुधात कुस्करून देते आणि आजोबा ती गिळतात. डाळीचं पातळ पाणी, मऊ भात, चहा-टोस्ट. शेंगदाणे नाहीत, मटण-मासळी नाही, कच्ची कोशिंबीर नाही. प्रथिनं आणि चोथा दोन्ही ताटातून जातात आणि मांस झडू लागतं. लोक म्हणतात, "वय झालं, आटत चाललेत." जपानने १९८९ मध्ये ८०-२० नावाची मोहीम सुरू केली. उद्देश असा की वयाच्या ऐंशीव्या वर्षी माणसाचे स्वतःचे किमान वीस दात शाबूत असावेत, म्हणजे त्याला बहुतेक सगळं चावून खाता येईल. तेव्हा ही गोष्ट दहातल्या एकालाही जमत नव्हती. २०१६ च्या पाहणीत ऐंशीच्या आसपासच्या निम्म्या जपानी लोकांनी हा टप्पा गाठला होता.

आपल्याकडे केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना द्यायच्या साधनांत कवळीचा समावेश आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये स्वतःची मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर यांसारख्या साधनांसाठी ३००० रुपये दिले जातात. त्या यादीत कवळीचं नाव ठळक अक्षरांत यावं आणि ती बसवून, घासून, टोचत असेल तर नीट करून देण्याची सोय तालुक्याच्या रुग्णालयात असावी. टोचणारी कवळी वाटीतच राहते आणि अनुदान वाया जातं.

या सगळ्या मांडणीवर एक आक्षेप हमखास घेतला जातो. दोन वेळा नीट दात घासले की झालं, आहाराचा एवढा बाऊ कशाला? घासणं महत्त्वाचंच आहे. फ्लोराइड असलेल्या पेस्टने कीड कमी होते, हे निर्विवाद आहे. बाजारात वनौषधींच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं, म्हणून घेताना वेष्टन वाचलं पाहिजे. पण ज्या मुलाच्या तोंडात दर तासाला साखर जाते, त्याच्या दातांना सकाळ-रात्रीचं घासणं पुरं पडत नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. अंगणवाडी सेविकांवर आधीच कामाचा डोंगर आहे, त्यात आणखी भर कशाला? म्हणून नवं रजिस्टर नको, नवं ॲप नको. वजनाच्या दिवशी मुलाचा वरचा ओठ अंगठ्याने उचलून टॉर्चच्या उजेडात पुढचे दात आणि दाढा पाहायला अर्धं मिनिट लागतं. हिरडीच्या कडेला खडूसारखा पांढरा पट्टा दिसला, तर कीड नुकतीच सुरू होते आहे आणि अजून थांबवता येते. तपकिरी खड्डा दिसला, तर मूल दंतवैद्याकडे जायला हवं. हे ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

पाठवायचं कुठे, हा खरा अडसर आहे. २०१३ पासून राबवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात. त्यांच्या तपासणीच्या यादीत दातांची कीड आहे. पण तपासून चिठ्ठी दिली की आईने एक दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून, मुलाला जिल्ह्याला न्यायचं आणि तिथे तारीख घेऊन परत यायचं, हे होत नाही. चिठ्ठी फळीवर पडून राहते. उपचारच गावात न्यायला हवा आणि आता ते शक्य आहे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध ब्रशने किडलेल्या जागी लावलं की कीड पुढे सरकायची बहुतेक वेळा थांबते. सुई नाही, ड्रिल नाही, वीजही लागत नाही. डाग काळा पडतो, एवढाच तोटा, आणि तो पालकांना आधी सांगायला हवा. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइड टूथपेस्टसोबत हे औषधही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत आणि खासगी त्याहून कितीतरी जास्त. त्यांच्या इंटर्नना दर महिन्याला आसपासच्या ठरावीक अंगणवाड्या आणि आश्रमशाळा नेमून दिल्या, तर विद्यार्थ्यांचं शिक्षण आणि मुलांचे उपचार दोन्ही होतील.

शाळेच्या दाराबाहेरची लढाई सरकारलाच लढावी लागेल. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ विकायला मनाई आहे. मधल्या सुट्टीत कोणत्याही शाळेच्या फाटकावर उभं राहिलं तर या नियमाची अवस्था दिसते. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं, ते चांगलं पाऊल आहे. पण जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांना त्या फलकाची गरज कमी नाही. आणि कराचं काय? सप्टेंबर २०२५ मध्ये टूथपेस्ट आणि टूथब्रशवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, त्याचं स्वागत. त्याच दिवशी बिस्किटं आणि चॉकलेटंही १८ वरून ५ टक्क्यांवर आली. दात घासायचं साधन आणि दात किडवणारा पदार्थ सरकारने एकाच रांगेत बसवले. ब्रिटनने २०१८ मध्ये गोड पेयांतल्या साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला. त्यानंतर रुग्णालयात दाखल होऊन किडके दात काढावे लागणाऱ्या मुलांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी घटल्याचं २०२३ च्या अभ्यासात आढळलं. सर्वांत मोठी घट नऊ वर्षांखालच्या मुलांत होती.

शाळेच्या ताटाबद्दलही बोलायला हवं. २०२३ च्या अखेरीस महाराष्ट्रात शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला आणि लोकवर्गणीतून सोय करा, असं शाळांना सांगितलं. अंड्यात प्रथिनं आहेत, फॉस्फरस आहे, ड जीवनसत्त्व आहे आणि साखर अजिबात नाही. दात आणि शरीर दोघांच्याही उपयोगाचा इतका स्वस्त घास शोधून सापडणार नाही. ज्या गावात वर्गणी जमते तिथली मुलं अंडं खातील आणि जिथे खरी गरज आहे तिथली खाणार नाहीत. हा निर्णय फिरवायला हवा. जे अंडं खात नाहीत त्यांना केळं, शेंगदाणे, मोड आलेली कडधान्यं द्यावीत, पण त्याऐवजी बिस्किटाचा पुडा हातावर ठेवू नये.

फिलिपाइन्समध्ये "फिट फॉर स्कूल" या कार्यक्रमात शाळेतली मुलं रोज ओळीने उभी राहून साबणाने हात धुतात आणि फ्लोराइड पेस्टने दात घासतात. वर्षातून दोनदा त्यांना जंताचं औषध मिळतं. आपल्या शाळांत जेवणाआधी हात धुण्याची सवय लागलेली आहेच आणि जंतनाशक गोळीही दिली जाते. ओळीत भर पडायची आहे ती फक्त ब्रशची.

सुरुवात पहिलीच्या वर्गापासून करता येईल. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या सगळ्या दाढांच्या मागे, पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी आधी कुठलाही दात पडलेला नसतो, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि किडली तरी "पडेल आणि नवी येईल" म्हणून सोडून दिली जाते. ती पडत नाही आणि तिच्या जागी दुसरी येतही नाही. पुढची साठ-सत्तर वर्षं भाकरी चावायचा सगळ्यात मोठा भार तिच्यावर असतो. तिच्या वरच्या बाजूला खोल खाचा असतात. त्या खाचा बुजवणारा लेप उगवल्यावर लगेच लावला तर कीड मोठ्या प्रमाणात टळते. हे काम काही मिनिटांचं आहे आणि त्याला भूल लागत नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिलीतल्या प्रत्येक मुलाची ही दाढ पाहून दिवाळीपर्यंत तिला लेप लावायचा, आणि लेप लागला की नाही हे मुलाच्या वजन-उंचीच्या पत्रकातच नोंदवायचं, एवढा आदेश आरोग्य आणि शिक्षण खात्याने मिळून याच वर्षी काढावा.